होळीला चाळीस, दसऱ्याला तीस

दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मीरा रोडला, पूनम सागरमधल्या आमच्या जुन्या बिल्डिंगखाली जाते, गाडीवरचं कव्हर काढते आणि बॉनेट उघडून नुसती उभी राहते. हात लावायची घाई करत नाही. आधी वास येऊ देते. जुन्या रबराचा, गंजाचा, कव्हरमध्ये कोंडलेल्या ओलीचा, आणि या सगळ्याखालून हळूहळू वर येणारा तेलाचा. ज्यांना हा वास नुसता ग्रीजचा वाटतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मला त्यात आमचं अख्खं घर सापडतं.

हल्ली दुकानात तेल घ्यायला गेलं की भिंतभर डबे असतात. लाल, निळे, सोनेरी. काउंटरवरचा माणूस विचारतो, "मॅडम, कौनसी गाडी?" मी सांगितलं की तो हसतो आणि म्हणतो, "वो अभी चलती है?" चलती है म्हणजे काय, चांगली पळते. मग तो आपला एक सोनेरी डबा पुढे सरकवतो आणि मी तो तितक्याच प्रेमानं मागे सरकवते. सोनेरी डब्यांशी माझा जुना हिशेब आहे. तोच सांगायला बसलेय.

गाडी माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. गोल पाठीची, फुगीर गालांची. या मॉडेलला सगळी मुंबई डुक्कर म्हणते, पण आमच्या घरात तो शब्द काढायची सोय नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला नुसतं 'ती' म्हणायचे. 'ती आज जरा गप्प आहे.' 'तिला पाणी पाजलं का?' नवीन आलेला पाहुणा आधी आईकडे बघायचा, मग गोंधळायचा. आई म्हणायची, "माझं नाही हो चाललंय. सवत खाली उभी आहे."

अण्णा मूळचे राजापूरकडचे. तरुणपणी मुंबईला आले आणि वाळकेश्वरच्या एका गुजराती शेठजींकडे ड्रायव्हर म्हणून लागले, ते तीस वर्षं तिथेच राहिले. ही गाडी शेठजींचीच. शेठजी सगळ्या गोष्टी दहा जणांना विचारून करायचे, पण तेल कुठलं घालायचं हे मात्र शांताराम ठरवणार. कुठेही लांब निघायचं असलं की मागच्या सीटवर बसल्या बसल्या शेठजी एकच शब्द विचारायचे, "तेल?" अण्णा सांगायचे, "चाळीस, शेठ," किंवा "तीस, शेठ," आणि मगच गाडी हलायची. पुढे शेठजी गेले, मुलांनी नव्या गाड्या घेतल्या, आणि शेठजींच्या पत्नीनं, सगळे तिला बा म्हणायचे, चावी अण्णांच्या हातात ठेवली. "आ गाडी तारी," म्हणाली. त्याच सुमारास आम्ही परळची खोली सोडून मीरा रोडला आलो होतो. बिल्डिंगमधली ती पहिली गाडी. वॉचमन तिला सलाम करायचा. तिलाच, आम्हाला नाही.

तेव्हाचा मीरा रोड म्हणजे नवीन बिल्डिंगा आणि त्यांच्या मागे खाजण. संध्याकाळी भरतीचं पाणी आत शिरलं की चिखलाचा खारट वास चौथ्या मजल्यापर्यंत यायचा. पाण्याचा टँकर आला की बादल्यांचा खणखणाट, वीज गेली की सगळ्या गॅलऱ्यांमध्ये एकदम माणसं. खाऱ्या हवेनं खिडक्यांचे गज वर्षभरात पोपडे धरायचे. गाडीला मात्र गंज धरू द्यायचा नाही असा अण्णांचा पणच होता. रोज सकाळी ते आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं तिला पुसायचे. त्या फडक्यांवरून मला आईच्या कुठल्या कुठल्या साड्या संपल्या ते कळायचं.

आणि तेल. आमच्या घरात वर्षाचे ऋतू तेलावर चालायचे. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी चाळीस नंबरचं, म्हणजे दाट तेल, कारण उन्हाळ्यात इंजिन तापलं की पातळ तेल पाण्यासारखं होतं. दसऱ्याला तीस नंबरचं, जरा पातळ, थंडीत सकाळी पटकन चढणारं. मुंबईत अशी कितीशी थंडी पडते, असं मी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "थंडी पडो न पडो, तिला कळायला हवं की दसरा आला." दसऱ्याला इतरांच्या घरी आपट्याची पानं यायची तेव्हा आमच्या घरी आधी तेलाचा सीलबंद डबा यायचा. अण्णा तो देवासमोर ठेवायचे, हळदकुंकू लावायचे. मग खाली जाऊन झाकण उघडायचे, दोन थेंब अंगठ्यावर घ्यायचे, बोटानं चोळायचे, नाकाशी न्यायचे. आई लाडवांचा पाक बघते तसं. पसंत पडलं की मान हलवायचे, नाहीतर डबा परत.

त्यांची आणखी एक पद्धत होती. दर महिन्याला डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची सळई, बाहेर काढून तिच्या टोकाचा एक थेंब टीपकागदावर टाकायचा आणि तो कागद गॅलरीच्या दांडीवर वाळत घालायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर वर्तुळं उमटलेली असायची. मध्ये काळा ठिपका, भोवती तपकिरी कडं, अगदी बाहेर पिवळसर. "काळं आत राहिलं आणि कडा पिवळी असली की तेल अजून काम करतंय," अण्णा सांगायचे. "सगळंच काळं झालं की समजायचं, थकलं." शाळेत मला कोणी विचारलं की वडील काय करतात, तर मी बेधडक सांगायचे, कागदावरून इंजिन वाचतात. बाईंनी एकदा अण्णांना बोलावून घेतलं, की मुलगी थापा मारते. अण्णा टीपकागद घेऊनच गेले.

ते कागद पुढे मीच वाचायला लागले. अण्णा म्हणायचे, "बायो, बघ गो, काय म्हणतेय?" मी सांगायचे. तेव्हा वाटायचं, ते मला शिकवताहेत. कॉलेज संपवून मी अंधेरीला एका कंपनीत लागले, गाडीही शिकले, खाजणाकाठच्या मोकळ्या रस्त्यावर अण्णांच्या शिव्या खात. आणि त्याच वर्षी श्रावणात एक कागद हातात धरून अण्णा म्हणाले, "कडा छान पिवळी आहे, नाही?" कागद पार काळा होता. कडा नव्हतीच. मी कागदाकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहिले.

काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, आणि गाडी बंद. अण्णा दवाखान्यातून आले, चावी माझ्या पर्सच्या खुंटीला अडकवली आणि जेवायला बसले. त्यांना एकच काळजी होती. दिवाळीतल्या पाडव्याला, गुजराती लोकांच्या नव्या वर्षाच्या सकाळी, बाला याच गाडीतून देरासरला, त्यांच्या जैन मंदिरात, न्यायचं ही तीस वर्षांची रीत होती. बा आता धाकट्या मुलाकडे भाईंदर वेस्टला राहायची. गाडी आमची झाल्यावरही अण्णांनी एक पाडवा चुकवला नव्हता. बा ऐंशीच्या पुढची, आणि तिनं सांगून ठेवलं होतं, त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या गाडीत मी बसायची नाही. "मी चालवेन," मी म्हटलं. अण्णा म्हणाले, "तू चालवशील गो. ती चालायला हवी."

आणि इथे मी शहाणपणा केला.

दसऱ्याच्या आधी ऑफिसातल्या एका नव्या गाडीवाल्यानं मला सांगितलं की आता तीस-चाळीस असलं काही उरलेलं नाही. बारा महिने एकच तेल, इंजिन आतून धुऊन काढतं, परदेशात सगळे तेच वापरतात. मी त्या दुकानातलं सगळ्यात भारी तेल आणलं. सोनेरी डबा, त्यावर पळणाऱ्या गाडीचं चित्र. नाकापेक्षा मोती जड, पण माझी हौस दांडगी. अण्णांनी डबा हातात घेतला, चाचपला. विचारलं, "तू आणलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू लावलं. खाली जाऊन दोन थेंब अंगठ्यावर घेतले, चोळले, जरा जास्तच वेळ चोळले, आणि मान हलवली. मग बिल्डिंगमध्ये जो भेटेल त्याला सांगत सुटले, "यंदा तेल पोरीनं आणलंय. फॉरेनचं."

पाच-सहा दिवसांनी मोरव्याहून येणाऱ्या मासळीवाल्या मावशीनं पाटी खाली ठेवली आणि पाय झटकत म्हणाली, "अगो, तुमची गारी गलतेय. खाली सगला काला काला हाय." मी धावत गेले. गाडीखाली थाळीएवढं डबकं. डिपस्टिक काढली तर आठवड्यात तेल डांबरासारखं झालेलं. इंजिन चालू केलं तर आत कोणी खडे वाजवतंय असा आवाज, आणि समोरचा तेलाचा लाल दिवा, जो इंजिन चालू असताना मी जन्मात पेटलेला पाहिला नव्हता, तो मिणमिणायला लागला. करायला गेले गणपती आणि झालं माकड.

नया नगरमध्ये उस्मानभाईंचं गॅरेज होतं. अण्णांचे दोस्त, पण अण्णा त्यांना फक्त चहाला बोलवायचे, गाडीला हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी दोरी बांधून गाडी त्यांच्याकडे नेली. उस्मानभाईंनी खाली वाकून पाहिलं, बोट लावलं आणि मला म्हणाले, "बेटी, तेल बुरा नहीं है. बहुत अच्छा है. लेकिन इसके अंदर चालीस साल का मैल जमा है, उसी से इसकी दरारें बंद हैं, उसी से चल रही है. तुम्हारे तेल ने सब धो डाला. अब मैल जाके जाली में बैठा है." म्हणजे इंजिनला तेल पोचवणारी जाळीच तुंबली होती. अशीच चालवली तर इंजिन जाम. पाडव्याला जेमतेम पंधरा दिवस होते आणि गॅरेजात दिवाळीच्या आधीची गर्दी. उस्मानभाई म्हणाले, गाडीखाली उतरायचा खड्डा देतो, हत्यारं देतो, करायचं तुम्ही.

मी ऑफिसला रजा टाकली. गाडी खड्ड्यावर, मी खड्ड्यात, अण्णा वर स्टुलावर. त्यांना दिसत नव्हतं आणि मला येत नव्हतं, अशी ती जोडी. "डावीकडचा तिसरा बोल्ट. झिजलाय तो, हळू." एकेका बोल्टची त्यांना कुंडली पाठ होती. खालचं तेलाचं चेंबर सुटलं तेव्हा आत तळाशी काळा गाळ होता, खाजणातल्या चिखलासारखा घट्ट. मी तो हातानं उपसला, जाळी रॉकेलमध्ये तीनदा धुतली. माझ्या कोपरापर्यंत काळं. दुपारी आई डबा घेऊन आली, खड्ड्यात वाकून मला बघितलं आणि तिथल्या तिथे अण्णांना म्हणाली, "सांगितलं का हिला?"

"काय?" मी विचारलं.

"अगं, ह्यांना ठाऊक होतं. दसऱ्याच्याच संध्याकाळी चहाला आले होते तेव्हा उस्मानभाई पण म्हणाले होते, इस बुढ्ढी को नहीं पचेगा. तीस नंबरचा डबा आणून ठेवला होता ह्यांनी आधीच. पलंगाखाली आहे."

मला इतका राग आला की मी खड्ड्यातून वर आले. इतके दिवस मी स्वतःला खात होते आणि हे गृहस्थ जाणूनबुजून गप्प. मी म्हटलं, "अण्णा, तीस वर्षं एका थेंबाची चूक केली नाहीत आणि माझ्या हातून गाडी मारायला निघालात? परत करा म्हणायचं होतं. तुम्ही तर दुकानदाराच्या तोंडावर डबे परत केलेत."

अण्णांनी हात पुसायला फडकं शोधलं. मी दिलं नाही. मग ते म्हणाले, "दुकानदार काय माझी पोर आहे? तीस वर्षं शेठच्या गाडीत शेठचं तेल घातलं. त्यानंतर माझ्या गाडीत माझं घातलं. तिच्यासाठी घरातलं कोणीतरी आपणहून तेल घेऊन आलं, हे पहिल्यांदा झालं बायो. मला वाटलं, मेली तर मेली."

त्या एका वाक्याचा मला आजही राग येतो आणि आजही मी ते कोणाकोणाला सांगत असते. तेव्हा मी फडकं त्यांच्या हातात दिलं आणि परत खड्ड्यात उतरले.

नवं पॅकिंग बसवलं, चेंबर चढवलं, आणि मग प्रश्न आला की आता तेल कुठलं. पलंगाखालचा तीस नंबरचा डबा आईनं आणलाच होता. दसरा होऊन गेलेला, म्हणजे रीतीनं तीसच. अण्णा म्हणाले, "तू ठरव."

"मी नको. एकदा ठरवलं ते पुरे झालं."

"म्हणूनच तू ठरव. एकदा चुकलेला माणूस बरा."

मी उस्मानभाईंकडे पाहिलं तर ते मुद्दाम दुसऱ्या गाडीखाली शिरले. मग मी विचार केला. मळ निघून गेला होता, म्हणजे आतल्या फटी मोकळ्या झाल्या होत्या. पातळ तेल त्यातून सरकून जाणार. ऑक्टोबरचं ऊन मार्चहून कमी नव्हतं. भाईंदरचं रेल्वे फाटक एकदा पडलं की अर्धा अर्धा तास उघडायचं नाही, आणि बा वाट बघत बसलेली असताना इंजिन बंद केलं तर परत चालू होईल याची खात्री नाही, म्हणजे ते तापत राहणार. "चाळीस," मी म्हटलं. "साधं, जुनं, चाळीस नंबर." दसऱ्यानंतर आमच्या घरात चाळीस म्हणजे संकष्टीला मासळी. अण्णांनी समोरचा डबा चाचपून बाजूला सारला. मग आईला म्हणाले, "तीसचा डबा घरी ने परत. होळीनंतरच्या दसऱ्याला होईल."

पाडव्याच्या सकाळी सहाला निघालो. अण्णांनी पांढरा बुशशर्ट घातला होता, इस्त्रीचा, ड्यूटीवर घालायचे तसाच. मी नवी साडी नेसले होते आणि नखांतलं काळं काही गेलं नव्हतं. रस्त्यात फटाक्यांच्या लाल कागदांचा सडा, हवेत जळलेल्या दारूचा आणि खाजणाचा मिळून वास. अण्णा माझ्या शेजारी, डोळे मिटून. बघण्यापेक्षा त्यांना ऐकायचं होतं. फाटक पडलेलंच होतं. मी इंजिन चालू ठेवलं. एक लोकल गेली, दुसरी गेली, फाटक उघडेना. पुढच्या रिक्षावाल्यानं उतरून विडी पेटवली. बॉनेटवरून गरम हवा थरथरताना दिसायला लागली.

"दिवा?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

थोड्या वेळानं परत, "दिवा?"

"नाही, अण्णा."

"मग घाम कशाला पुसतेस?" ते म्हणाले. ते त्यांना कसं कळलं, देव जाणे. फाटक उघडलं आणि ती एका दमात रूळ ओलांडून गेली.

बा बिल्डिंगच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, पांढऱ्या साडीत, हातात तांदळाची डबी. "साल मुबारक, शांताराम," म्हणाली. मग उठताना तिनं मला स्टिअरिंगमागे पाहिलं आणि आधाराला सुनेच्या खांद्यावर ठेवलेला हात तसाच राहिला. अण्णांनी सगळं सांगून टाकलं, डोळ्यांचं, डॉक्टरांचं, न लपवता. बानं ऐकून घेतलं. मागच्या सीटवर बसली, साडी सारखी केली. मी गाडी चालू केली, पण बा काही निघायला सांगेना. मग माझ्या पाठीमागून शेठजींचाच शब्द आला.

"तेल?"

अण्णांनी माझ्याकडे मान वळवली.

"चाळीस, बा," मी म्हटलं.

"दशेरा पछी चालीस?" तीस वर्षं मागे बसून बालाही सगळं पाठ झालं होतं.

"तिनं ठरवलंय," अण्णा म्हणाले. "बरोबर ठरवलंय."

"तो चलाव, बेटा," बा म्हणाली.

देरासरच्या दारात ही गर्दी होती. नवे कपडे, केशराचा वास, ओळीनं लागलेल्या चकचकीत नव्या गाड्या. आमची म्हातारी त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली तशी माणसं बाजूला होऊन बघायला लागली. अण्णा लगेच उतरले. गाडीच्या अंगावर हात ठेवत मागच्या दाराशी गेले, दार उघडलं, बाला उतरवून घेतलं. ती पायऱ्यांकडे वळली. मला वाटलं, ते आता तिथेच थांबतील, दर वर्षी थांबायचे तसे, हात मागे बांधून. पण ते परत गाडीला हात लावत लावत पुढे आले, टपावरून, आरशावरून, माझ्या बाजूला. हँडल चाचपून सापडलं. सगळ्या लोकांसमोर त्यांनी माझं दार उघडलं आणि शेठजींसाठी उभे राहायचे तसेच ताठ, एक पाऊल मागे सरकून उभे राहिले.

मी म्हटलं, "अण्णा, काय हे? मी उतरते ना."

"उतर," ते म्हणाले. "सावकाश. दार धरलंय मी."